मनोहरचा घसा

पुकारा करण्याआधी मनोहर दोन बोटांनी आपला घसा चाचपायचा. कोर्टाचा पट्टेवाला तो. दारात उभं राहून ज्याची केस निघाली त्याचं नाव पुकारायचं, एवढंच त्याचं काम. सकाळी ज्याने त्याला खूश केलं असेल त्याचं नाव थेट फाटकाबाहेरच्या समोसेवाल्यापर्यंत जायचं. बाकीच्यांचं नाव त्याच्या मिशीतच अडकायचं. मागच्या महिन्यात तो वारला. सून म्हणते, आई, आता तरी त्याच्याबद्दल चांगलं लिहा. बघते बाई, जमतं का.

कोर्ट कोणतं ते विचारू नका. बालाघाटात राहते, अजून कामं पडतात. आमचे हे गेले आणि दिराने खैरलांजीच्या धानाच्या शेतावर आपल्या एकट्याचं नाव चढवलं. माझं पोट, मुलाचं शिक्षण, सगळं त्या शेतावर. म्हणून केस केली. पहिल्याच दिवशी मनोहर जवळ आला आणि लाडाने म्हणाला, "काकू, आवाजाले तूप लागते."

मी भोळी. म्हटलं, "घरचं आणून देईन हो."

तो असा हसला की बाजूचे पक्षकारही हसले. पुढच्या तारखेला मी दारासमोरच्या बाकावर सकाळपासून बसून होते. दुपारी वकीलसाहेब धावत आले, "अहो, होतात कुठे? हजर नाही म्हणून केस खारिज झाली!" मी मनोहरकडे पाहिलं. त्याने घशाला बोटं लावली. "पुकारलं ना, काकू. घसा कोरडा हाय, मी काय करू?"

ती केस पुन्हा उभी करता करता माझ्या चपला झिजल्या.

मग परदेशी पाहुणे आले. कुठल्याशा देशातली संस्था म्हणे, आपल्याकडची कोर्टं सुधारायला, लाचखोरी थांबवायला मदत करते. व्हरांड्यात भोंगे लागले, दारात माईक आला. पुकारा सगळ्यांना सारखा ऐकू यावा म्हणून. कल्पना वाईट नव्हती, मी नाही म्हणत नाही. पण माईक दिला कोणाच्या हातात? मनोहरच्या! वर त्याचं प्रशिक्षणही झालं, छातीवर बिल्ला लागला.

उद्घाटनाला एक उंच मॅडम आल्या. उन्हाने लालबुंद झालेल्या. सोबत भोपाळचा दुभाष्या. मॅडमनी माझा हात धरून काही विचारलं. दुभाष्या म्हणाला, "अम्मा, कैसा लग रहा है?"

मी म्हटलं, "इनसे कहो, चोर के हाथ में चाबी दे दी."

त्याने इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे. मॅडम खुलून हसल्या, माझे दोन्ही हात दाबले आणि मनोहरसोबत फोटो काढायला गेल्या. मला इंग्रजी येत नाही, पण माझं बोलणं कळलेलं माणूस असं हसत नाही, एवढं मला कळतं. तो फोटो पुढे चौकटीत घालून व्हरांड्यात लागला. मनोहर, माईक आणि मॅडम.

पाहुण्यांची गाडी गेली तसा भोंगा मुका झाला. विचारलं तर मनोहर म्हणाला, "बटन दाबायलेही जोर लागते, काकू." आधी घसा त्याच्या ताब्यात होता, आता बटणही.

त्या दिवशी माझं डोकं फिरलं. पुढच्या तारखेपासून मी बाकावर बसणंच सोडलं. मनोहरच्या खांद्याला खांदा लावून दारात उभी राहिले. तो मिशीत पुटपुटला की मी तेच नाव घेऊन ओरडायची, "परसवाड्याच्या शांताबाई, हाजिर हो!" शांताबाई पदर सावरत धावत यायच्या. माझी तारीख नसली तरी जायची. हळूहळू आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या राहू लागल्या.

मनोहर चिडला. "काकू, तुमी कोर्टाचा अपमान करून राह्यल्या."

"काहून रे? तुझा घसा कोरडा, माझा ओला. मदतच तर करून राह्यली."

"साहेबाले सांगीन."

"सांग ना. पण मोठ्याने सांग, त्याईले ऐकू गेलं पाहिजे."

सगळा व्हरांडा हसला. सांगायला तो गेला नाही. काय सांगणार होता?

निकालाच्या दिवशीही तो पुटपुटलाच. मी त्याच्या तोंडाजवळ कान नेला, माझंच नाव होतं. मग फाटकापर्यंत जाईल असं स्वतःचं नाव पुकारलं आणि स्वतःच आत शिरले. शेतावर माझं नाव चढवायचा हुकूम झाला.

बाहेर आले तर मनोहर त्या फोटोखाली उभा. काही झालंच नाही असा चेहरा. "जितल्या ना, काकू? पेढा तं खाऊ घाला."

मी दोन बोटं माझ्या घशाला लावली, त्याच्याकडे पाहिलं आणि खैरलांजीची बस पकडायला निघाले.