उडालेला बल्ब

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचून नावं ठेवणाऱ्यांत मी सगळ्यात पुढे. कुणाच्या घरी दार आपोआप वाजलं की मी म्हणणार — बिजागरीत तेल घाला! त्यामुळे आज मीच लिहायला बसलोय हे बघून मंडळी हसतील. हसा. माझ्याकडे उत्तर असतं तर लिहिलंच नसतं.

आमचं घर बडोद्याला, छाणीत. बाबा एका कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यातून रिटायर झाले आणि मागच्या खोलीत त्यांनी आपला नाद मांडला... हाय व्होल्टेजचा. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढायचा आणि दोन उभ्या तांब्याच्या दांड्यांमधून ठिणगी सरसर वर चढवायची, असा बेत. ‘शिडी’ म्हणायचे ते तिला. आई म्हणायची, "घर जाळाल एक दिवस!" ती त्या खोलीत पाऊल टाकत नसे. उंबऱ्याबाहेरूनच चहा द्यायची, आमचे उद्योग बघत.

पण बाबा भलते जपून. ट्रान्सफॉर्मर कधी थेट लाइनवर लावायचा नाही, मध्ये सिरीजमध्ये दोनशे वॉटचा जुना बल्ब हवाच. तसला ट्रान्सफॉर्मर वाटेल तेवढा करंट ओढतो, बल्ब त्याला आवर घालतो. आणि फार ओढला की स्वतः भक्कन पेटतो. "बल्ब पेटला की हात मागे. विचार नंतर करायचा," हे त्यांनी माझ्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. आणि आणखी एक — एकाने दांड्यांना हात लावायचा तर दुसऱ्याने खुर्चीत बसायचं, काढलेला प्लग मांडीवर घेऊन. खुर्चीत कधी ते, कधी मी.

शिडी पुरी व्हायच्या आतच बाबा गेले. हार्ट अटॅक. वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "उद्या पाहुणे येतील, ती खोली रिकामी कर. सगळं भंगारात देऊन टाक." बरोबरच होतं तिचं. पण माझा जीव होईना. वाटलं, एकदा... एकदाच ती चाललेली बघू, मग देऊ.

सिरीजचा बल्ब बघतो तर उडालेला. आतली तार तुटून खुळखुळत होती. लहरीपुऱ्यातली दुकानं पालथी घातली. आता असले बल्ब वापरतं कोण म्हणून एक दुकानदार तर हसलाच, "हवे एवो बल्ब कोण वापरे छे, भाई? एलईडी लई जाव ने!" आता एलईडी काय करंट आवरणार, कपाळ! चिडून घरी आलो, तो उडालेला बल्ब होल्डरसकट सोडवून टेबलाच्या टोकाला ठेवला आणि ट्रान्सफॉर्मर थेट लाइनला जोडला. म्हटलं, मिनिटभराचं तर काम. गाढवपणा, दुसरं काय.

चालू केला. नुसती घरघर, ठिणगी नाही. दांड्या लांब राहिल्या होत्या. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, घरघर थांबली. मी सवयीने बोर्डातला प्लग उपसला आणि बाबांच्या खुर्चीत ठेवला. कुणीच नव्हतं हो तिथे बसायला. एक दांडी आत वाकवली, दुसरीला हात घालणार...

टेबलाच्या टोकाचा बल्ब पेटला. भक्कन, पिवळाधमक.

घरात लाइट नाही, बल्बातली तार तुटलेली, होल्डरच्या वायरी हवेत. यातलं काही म्हणता काही तेव्हा सुचलं नाही. हात आपोआप मागे आला, बस्स. आणि त्याच क्षणी लाइट आली. ट्रान्सफॉर्मर घुमला, दांड्यांच्या तळाशी जांभळी ठिणगी फुटली आणि सरसर वर चढत गेली... माझा हात जिथे असता, तिथूनच. बाबांची शिडी चालली होती! बोर्डावरचं बटण मी कसं बंद केलं, देव जाणे. खुर्चीतला प्लग उचलून बघितला तर तो शेजारच्या सॉकेटातल्या सोल्डरिंग आयर्नचा. ट्रान्सफॉर्मरचा प्लग बोर्डातच होता.

आवाज ऐकून आई उंबऱ्यापर्यंत आली. माझं तोंड बघितलं आणि कधी नव्हे ती आत आली. ती बावरून टेबलच आवरायला लागली, बल्ब उचलला आणि "आई गं!" करून खाली ठेवला. "अरे, केवढा तापलाय हा!"

मी हात लावला. चटका बसला. आत तार तशीच तुटलेली.

सयाजीगंजात चहा पिताना मित्र म्हणतात, उन्हाची तिरीप पडली असेल. खिडकी उत्तरेला आहे, तिथे ऊन येत नाही. भास म्हणावा तर आईचं बोट भाजलं त्याचं काय? वायरिंग पुन्हा पुन्हा तपासलं. बल्ब अजून माझ्या कपाटात आहे, त्यानंतर कधी पेटला नाही.

आईने तेव्हा पदराने डोळे पुसले, बोर्डातला खरा प्लग ओढून काढला आणि बाबांच्या खुर्चीत जाऊन बसली. प्लग मांडीवर, दोन्ही हातांनी घट्ट धरलेला.

"हं," म्हणाली, "आता लाव हात."