सरांच्या वहीतला वजा एक

संगमनेरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना चाचणी परीक्षेत माझं एक बरोबर उत्तर चूक ठरलं. त्या एका लाल फुलीनं माझं डोकं महिनाभर तापलेलं होतं.

प्रश्न अणूतल्या इलेक्ट्रॉनचा होता. प्रत्येक इलेक्ट्रॉनला चार क्वांटम नंबर असतात आणि ते कसे असावेत याचे नियम ठरलेले असतात. पहिला नंबर एक, दोन, तीन असा चढत जातो. दुसरा शून्यापासून सुरू होतो आणि पहिल्यापेक्षा एकानं कमी असतो तिथं थांबतो. म्हणजे पहिला दोन असेल तर दुसरा शून्य किंवा एक. दोन कधीच नाही. पेपरात नेमकी 'दोन, दोन' अशी जोडी देऊन ती चालेल का, असं विचारलं होतं. मी लिहिलं, चालणार नाही. सरांनी फुली मारली.

सरांनी वर्गात सांगितलेल्या नोट्समध्ये 'शून्यापासून पहिल्या नंबरापर्यंत' असं होतं. 'वजा एक' कुठंतरी गळला होता. मी लायब्ररीतलं जाड इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर ठेवून वाचलं होतं, म्हणून मला ते माहीत.

होस्टेलवर माझ्या खोलीत कर्जतकडची मैत्रीण होती. तिनं 'चालेल' लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. मी पुस्तकातलं पान तिच्यापुढं धरलं.

"अगं, पर सरांनी तसंच सांगितलंय ना?" ती म्हणाली.

"सर चुकलेत."

"मग सरांना सांग. मला कशापायी सांगतीस? मला मार्क मिळाल्यात."

मी स्टाफरूममध्ये गेले. सर वाईट माणूस असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते तासाला कधी उशिरा येत नसत आणि न समजलेलं चारदा सांगत. त्यांनी माझा पेपर पाहिला, आपली जुनी वही काढली, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बघ. इथं आहे."

"सर, पुस्तकात वेगळं आहे."

"पुस्तकात छपाईच्या चुका असतात. ही वही मी माझ्या सरांपुढं बसून लिहिलीय."

आठवड्यानं मी पुस्तक घेऊन पुन्हा गेले. त्यांनी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "आधी नोट्स पाठ कर," म्हणाले. जिन्यावरून उतरताना मला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच जास्त राग येत होता.

तिसऱ्यांदा मी त्यांच्या तासाला उभी राहिले. पोरं हसायला लागली. सर वैतागून म्हणाले, "ये, फळ्यावर येऊन सांग काय ते."

मी पुस्तकाचं नाव काढलं नाही. सरांचाच नियम फळ्यावर लिहिला आणि पहिली कक्षा, म्हणजे पहिला नंबर एक, घेतली. त्या नियमानं तिथं दुसरा नंबर शून्यही चालतो आणि एकही. दुसरा नंबर शून्य असेल तर दोन इलेक्ट्रॉन मावतात, एक असेल तर सहा. बेरीज आठ. मग म्हटलं, "सर, तुम्हीच सांगितलंत की पहिल्या कक्षेत दोनच मावतात. हेलियममध्ये ती दोनांतच भरते. मग हे आठ कुठून आले?"

हसणं थांबलं. सर फळ्यापाशी आले. त्यांनी स्वतः एकदा बेरीज केली, मग ओठ हलवत पुन्हा केली. "बस," एवढंच म्हणाले आणि तास लवकर सोडून गेले.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या म्हणाले, "मागची ओळ खोडा. 'वजा एक' लिहा." माझ्याकडं बघितलं नाही.

मी पेपर घेऊन त्यांच्यामागं धावले. "सर, माझे मार्क?"

"रजिस्टरात चढलेले मार्क बदलत नाहीत. कॉलेजचा नियम आहे."

"आणि ज्यांनी चूक लिहिलं त्यांचे?"

"तेही बदलत नाहीत."

खोलीवर हे ऐकून माझी मैत्रीण पोट धरून हसली. "तुला कळलं, मला मार्क मिळाले. चल जेवायला."

वार्षिक परीक्षा संपली त्या दिवशी सरांनी मला बोलावलं आणि ती जुनी वही माझ्या हातात ठेवली. "सुट्टीत वाच. आणखी काय सापडलं तर खुणा कर. शाईनं नको, पेन्सिलीनं."

मला धड आनंदही होईना. त्या वर्षी आमच्या राहुरीकडच्या गावात विहिरी आटलेल्या, रोज दोन खेपा पाणी आणायचं, आणि उरलेल्या वेळात मी ही वही घेऊन बसलेली. आई बघून म्हणाली, "सरांची वही तू तपासतीस व्हय? उलटंच हाय की हे!"

मी चौदा ठिकाणी खुणा केल्या. जूनमध्ये वही परत दिली. सरांनी चष्मा पुसला, एकेक खूण बघत गेले आणि पाच ठिकाणी माझ्याशी भांडले. त्यातल्या दोन ठिकाणी तेच बरोबर होते.