आईला दिसलेली भोकं

वडील गेल्यावर आई पोशीरचं घर बंद करून भिसेगावला माझ्याकडे राहायला आली. मी दिवसभर कामावर. तिला घर खायला उठायचं. माझं काम जीवाश्मांचं. लाखो वर्षांपूर्वी समुद्रातल्या सूक्ष्म जिवांनी शिंपल्यांत पोखरलेली बिळं मी अभ्यासते. कच्छहून आणलेल्या शिंपल्यांच्या पिशव्या घरात पडून होत्या. एक दिवस मी तिला भिंग दिलं आणि भोकं असलेले शिंपले वेगळे काढायला सांगितले. जन्मभर तांदूळ निवडलेल्या बाईला याहून जास्त शिकवावं लागलं नाही.

महिन्याभरात तिने एक शिंपला माझ्या हातावर ठेवला.

"बाकीच्यांची भोकं कशीपण हायत. ह्याची बघ गं, लावणी केल्यासारखी वळीनं हायत."

मी त्या बिळांत पातळ राळ भरली, ती घट्ट झाल्यावर शिंपला आम्लात विरघळवला. उरला तो फक्त बिळांचा साचा. मुंबईला मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर केसाहून बारीक प्रत्येक बिळाला तीन फाटे फुटलेले आणि त्यांची टोकं गोल फुगलेली. असा प्रकार आजवर कुणी नोंदवलेला नव्हता. पण एका शिंपल्यावर नवा प्रकार जाहीर करता येत नाही. आणखी हवे होते. आई रोज खिडकीशी बसायची आणि तिने तसे आणखी अकरा शोधले.

त्याच दिवसांत तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसायला लागले. दाराची चौकट लागली म्हणायची. वय झालं, असं मी धरून चालले. मग एकदा तिच्या कोपराने शेजारचा पाण्याचा तांब्या कलंडला, कोणता शिंपला खडकाच्या कुठल्या थरातला हे लिहिलेल्या चिठ्ठ्या भिजल्या आणि दोन थरांतले शिंपले एकमेकांत मिसळले. माझं तीन आठवड्यांचं काम गेलं.

"एवढी बारीक भोकं दिसतात आणि तांब्या दिसत नाही?" मी म्हणाले.

ती पदराने पाणी टिपत राहिली.

पुढे कशेळ्याला एका लग्नात तिची पायरी चुकली आणि मनगट मोडलं. तिथे कुणीतरी म्हणालं, डोळे दाखवून घ्या. पनवेलच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. यात आधी कडेची नजर जाते, मधली बराच काळ शाबूत राहते, म्हणून बारीक काम जमत होतं. गेलेली नजर परत येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

"आई, तुला कधीपासून कळत होतं?"

"वरीस झालं आसल. बोलले आसते, तर तू शिंपलं काढून घेतलं आसतंस."

औषधाचे थेंब नेमाने घातले, तरी मधली नजरही हळूहळू गेली. त्या बिळांवरचा माझा शोधनिबंध छापून आला तेव्हा तिला खिडकी कुठे आहे एवढंच कळायचं. मी तिच्याजवळ बसून बिळांचं सगळं वर्णन मराठीत सांगितलं. तिने मन लावून ऐकलं.

"आन् पोखरणाऱ्याचं नाव काय?"

"ते माहीत नाही. तो जीव सापडतच नाही. नाव देतात ते त्याच्या भोकाला."

"बिचारा," ती म्हणाली.

तिचे आभार मानलेली शेवटची ओळ मी वाचून दाखवली. ती नुसती हसली. मला मात्र तांब्याच्या दिवशीचं माझं बोलणं आठवलं. त्याची माफी मागायला मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. तिने चाचपत माझा खांदा शोधला.

अजूनही दुपारी ती कधीतरी शिंपले मागते. ती भोकं बोटाला लागत नाहीत, तिलाही ते माहीत आहे. तरी एकेक शिंपला अंगठ्याने घासून ती दोन ढीग करते आणि विचारते, "जमतंय का गं?"

मी हो म्हणते.