पुसलेला पाइप

प्लाझ्मा म्हणजे विजेची अशी ज्योत, की तिच्यात दगडही पातळ होतो. किरणोत्सर्गी कचरा तिच्यात वितळवून त्याची काच करायची आणि त्यातलं सीझियम नावाचं चंचल द्रव्य वाफ होऊन किती उडतं ते मोजायचं, हे माझं काम. ग्वाल्हेरच्या आमच्या प्रयोगशाळेत खरं सीझियम नसतं, त्याचा निरुपद्रवी सख्खा भाऊ असतो. माझ्या हातात खरं देणार कोण?

त्या खेपेला धुराच्या गाळणीत सीझियम जवळजवळ आलंच नाही. म्हणजे सगळं काचेतच राहिलं, असं मी ठरवून टाकलं. संगणकावरच्या माझ्या मॉडेलमधले दोन आकडे जरा सरकवले, तर तेही लगेच हो म्हणालं. इतकं आज्ञाधारक आमच्या घरात कोणी नाही. सोमवारी समिती येणार होती आणि याच निकालावर मोठी भट्टी मंजूर व्हायची होती.

रविवारी गावातल्याच हरिशंकरपुरम वस्तीतल्या घरी पोहे खाता खाता मी ही विजयगाथा ऐकवत होतो.

"पण बाबा, भट्टी ते गाळणी मध्ये पाइप असेल ना?" मुलगी म्हणाली. "उसमें कुछ नहीं चिपका?"

"छे! पाइप आतून लखलखीत आहे. मी स्वतः पुसलाय."

"कब?"

"गुरुवारी, भट्टी निवल्यावर. आत पांढरं पुट चढलं होतं. समितीला काय वाटलं असतं?"

आमचे पूर्वज दरबारात पाहुण्यांची सरबराई करायचे. एवढीच विद्या माझ्यापर्यंत पोचली आहे.

"अहो, म्हणजे माझ्या साडीची फडकी त्यासाठी नेलीत?" बायको. "आहेत कुठे ती?"

"स्कूटरच्या डिकीत."

मुलगी तोवर जिना उतरली होती. वर आली ती एक कडक, पांढरट फडकं चिमटीत धरून. "लो. इसी में है आपका सीझियम."

सोमवारी सकाळी आधी फडकी तपासली. हरवलेलं बरंचसं त्यांतच निघालं. मॉडेलला विचारलं, तर ते यालाही हो म्हणालं.

दुपारी समितीपुढे मी निकाल मागे घेतला.

"पाइप पुसला कोणी?" अध्यक्षांनी विचारलं.

"मीच. तुम्ही येणार होतात ना!"

भट्टी मंजूर झाली नाही. प्रयोग पुन्हा करायचा आहे. पाइपच्या जोडाला आता कुलूप असतं आणि त्याची किल्ली मला सोडून सगळ्यांकडे आहे.