प्रसादाचा ठसका

देवीकडे मी डोळे मागितले नव्हते. मॅट्रिक झालो तेव्हा पोहरादेवीच्या देवळात जाऊन एवढंच म्हणालो, "कॉलेजात कोणाला कळू देऊ नको." गावच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, की मला उजेड आणि आकार तेवढे दिसतात, अक्षर नाही. गुरुजी फळ्यावरचं मोठ्यानं वाचत, परीक्षेला लेखनिक देत. वाशीमच्या कॉलेजात मात्र मला ओळखणारं कोणी नव्हतं. तिथं मी डोळस म्हणून दाखल होणार होतो!

प्रवेशाची यादी लागली त्या दिवशी सोबत आलेल्या भावाला फाटकाबाहेरच थांबवलं. फलकापुढं हात मागे बांधून उभा राहिलो, मान वरून खाली नेली, मध्येच 'हं' केलं. काय तो अभिनय! तेवढ्यात शेजारी एक बाबा आले. माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवून म्हणाले, "पोहरादेवीचा परसाद हाय, घे. मले वाचता येत नाही बाबू. माही पोरगी वावरात निंदाले गेली, तण काढाले. तिचं नाव यादीत पाह्य ना जरा. कमला."

मी तुकडा तोंडात टाकला. खरं सांगायचं, तर सोंग झकास वठत होतं.

"नाही," मी म्हणालो. "कमला नाही यादीत."

"बरं पाह्यलं ना?"

"दोनदा."

बाबा वहाणा फरफटत निघाले. तो आवाज दूर जात होता आणि खोबरं माझ्या घशात अडकलं. असा ठसका लागला, की श्वासच बंद! बाबाच धावत परतले, पाठीवर थापा मारू लागले. ज्यांच्या पोरीचं कॉलेज मी एका शब्दात बुडवायला निघालो होतो, त्यांचाच हात. श्वास येताच म्हणालो, "बाबा, मले दिसत नाही. खोटं बोललो मी."

हात थांबला. "मंग दोनदा काय पाह्यलं बे?" आणि भर आवारात ते ओरडले, "अरे, कोनी वाचता का रे? मले वाचता येत नाही, अन् या पोराले दिसत नाही!"

मान वर करवेना. कोणीतरी येऊन यादी वाचली. कमला होती. खाली मीही होतो.

"कमलीले सांगतो," बाबा म्हणाले, "तुले वाचून दाखोत जाय म्हून."

कॉलेजची सगळी वर्षं कमलानं मला पुस्तकं वाचून दाखवली. त्या 'नाही'बद्दल तिनं एकदाही विचारलं नाही; म्हणूनच ती लाज अजून उतरलेली नाही. मी मागितलं ते देवीनं दिलं नाही, हे तिचे उपकार. आता मी तिच्याकडे काही मागत नाही, तिला कळतं. फक्त खोबऱ्याचा प्रसाद हातावर आला, की आधी समोरच्याला सांगून टाकतो, "मला दिसत नाही बरं का."

मगच चावतो.