अस्वानच्या बाजारात भरलेली ओटी

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. तरुणपणी तर मी बी.एस्सी.ची पदवी कुंकवासारखी कपाळावर लावून फिरायची!

साल १९७८. शिरोलीच्या कारखान्यातले पंप बसवायला आमचे हे इजिप्तमध्ये अस्वानला होते, मी मागाहून गेले. लग्नाला सात वर्षं झालेली, मूल नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, दोष काही नाही... पण रात्री उशी ओली व्हायची. निघताना सासूबाईंनी खण-तांदूळ दिले. "तिथली नदी वलांडलीस की तिची वटी भर. पोर माग."

"आत्याबाई, नाईल नदीला मराठी कळतं व्हय?" केवढी मी विनोदी! खण बॅगेच्या तळाशी कोंबला.

शुक्रवारी ह्यांना सुट्टी. सकाळी शिडाच्या होडीतून नदीतल्या एलिफंटाईन बेटावर गेलो. खजुराची झाडं, निळी-पिवळी मातीची घरं, पडक्या देवळाचे दगड. उंच टाचांच्या सँडल घालून मी वाळूत रुतत होते, पण फोटोत ऐट महाराणीची! दिवसभर पाण्यात पाय सोडून बसले, नमस्कार? छे!

उतरत्या उन्हात बाजारात शिरलो. मसाल्यांचे ढीग, गाढवं, आरडाओरडा... थेट आपला लक्ष्मीपुरीचा बाजार. हे टोपल्यांच्या दुकानात घुसले. पलीकडे काळ्या कपड्यातली एक म्हातारी गहू-खजूर विकत होती. तिनं मला हात धरून खाली बसवलं, माझा पदर मांडीवर पसरला आणि ओंजळीनं गहू घालायला लागली.

मला वाटलं, माल गळ्यात मारतेय. मी कोल्हापूरची! "ए बाई, एवढं नगं! निम्मं कर की!"

ऐकते कुठली. पाच ओंजळी घातल्या, वर एक खजूर ठेवला आणि उजवा तळहात पुढे केला. पैशांसाठी मी पर्स उघडली. तिनं 'च्च' करून ती मिटवली, पदरातल्या गव्हाकडे बोट दाखवलं — पुन्हा तळहात.

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ओटी घेणारीनं त्यातले चार दाणे भरणारीला परत द्यायचे असतात. आपल्या बायकांची रीत ती... तिथं कुणी शिकवली? चिमूटभर गहू तिच्या तळहातावर ठेवले. तिनं ती टोपलीत टाकली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडायला लागली. माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही!

"केवढ्याला घेतलंस?" हे विचारत आले.

"फुकट."

"मग अजून घ्यायचंस की!"

कोल्हापूरला घरी आल्यावर आत्याबाईंनी त्या गव्हाची खीर करून मला एकटीला वाढली. "म्हातारी कुठली, इचारलं न्हाईस?"

"भाषा कुठं येत होती?"

"मग भांडलीस कशी?"

वर्षाच्या आत मुलगी झाली. आता ती स्वतः डॉक्टर आहे, तिची पोरं माझी टिंगल करतात. ती म्हणते, "आई, योगायोग गं." असेल. मुलीपुरतं मी मान्य करते. पण तो पुढे आलेला तळहात? त्याचं उत्तर ना तिच्या पुस्तकात आहे, ना माझ्या बी.एस्सी.त.