काळी फडकी बांधणारा

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. कोरीटच्या आमच्या मळ्यात एक परका माणूस आवळ्याच्या काही फांद्यांना पिशवीतली काळी फडकी बांधत होता. आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, त्यामुळे मला करणीचाच संशय आला.

तो पान हुंगत म्हणाला, "ऊन झोंबतं तिथे झाड क जीवनसत्त्व जास्त बनवतं, सावलीत हात आखडतं. फडक्यांनी ऊन अडवून तेच पडताळतोय." मग शेजारी उभ्या आईच्या हिरड्या पाहून, हे त्याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण असं सांगत त्याने तिच्यासाठी उन्हातला आवळा कापला.

"आधी तुम्ही खा," मी म्हणालो.

त्याने एक फोड खाल्ली. मी शरमलो, तरी त्याच्या पिशवीवरची नजर हटेना.

रक्ताळल्या हिरड्यांनी दुसरी फोड चघळत आई म्हणाली, "पाहुणाले पारखस का रे? तूबी जरासा उनमा उभा ऱ्हाय, मंग तुन्हामाबी सत्त्व यी!"